सभासद क्रमांक ६१८चं उत्तर

"पाठीमागचा कागद कुठं गेला?"

सिस्टरनी पुस्तक टेबलावर असं आपटलं की खळीच्या भांड्यातला ब्रश उडून मामांच्या पायावर पडला. सिस्टरना इस्पितळातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस म्हणजे पेशंटच आणि तोही पथ्य मोडलेला, ही त्यांची समजूत काही गेली नव्हती.

"कुठला कागद?" मामांनी ब्रश उचलत विचारलं.

"अभिप्रायाचा! हे बघा, कोरा करकरीत कागद चिकटवलाय इथं. जुना कुठंय?"

"पुस्तक बांधायला आलं की जुना काढायचा, नवा लावायचा. नियमच आहे तसा."

"नियम गेला चुलीत! माझं भांडण अर्धवट राहिलंय त्यात."

मामा म्हणजे वाचनालयाचे बाइंडर. एकतीस वर्षं ते तळघराला लागून असलेल्या या लांबट खोलीत पुस्तकं शिवत, चिकटवत, दाबत आले होते. वाचनालयाची एक जुनी पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक जाड, रेघांचा कागद लावलेला असे. पुस्तक परत करताना वाचकानं त्यावर आपला सभासद क्रमांक घालायचा आणि दोन ओळी अभिप्राय लिहायचा. नाव लिहायला सक्त मनाई होती, कारण फार पूर्वी एका कादंबरीच्या शेवटावरून दोन सभासद हातघाईवर आले होते आणि एकाचा चष्मा फुटला होता. तेव्हापासून भांडणं क्रमांकाक्रमांकांत होत. मामांनी हे असले हजारो कागद ओरबाडून काढले होते, पण त्यांवरचं एक अक्षर कधी वाचलं नव्हतं. वाचायला येत नव्हतं असं नाही, सातवीपर्यंत शिकले होते. पण हलवाई कुठं पेढे खातो?

"कसलं भांडण?" त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

सिस्टरना तेवढंच हवं होतं. त्या स्टूल ओढून बसल्याच. कादंबरीचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळे वाचक तिला 'घड्याळजीचा खून' म्हणत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली गोष्ट. पहिल्या युद्धातून एक कान गमावून आलेला गुप्तहेर. एका लहान गावातला घड्याळजी आपल्याच दुकानात मरून पडलेला. तपास होत होत शेवटी कळतं, की खून एका खानावळवाल्या म्हातारीनं केलाय. युद्धाच्या वेळी सैनिकभरतीच्या समितीवर हा घड्याळजी होता आणि तिच्या सोळा वर्षांच्या पोराचं वय त्यानं कागदावर अठरा करून दिलं होतं. पोर गेलं ते परत आलं नाही. गुप्तहेराला सगळं समजतं. तो वही मिटतो, म्हातारीच्या हातची भाकरी खातो आणि तिला सोडून निघून जातो.

"लोकांनी काय काय लिहिलं होतं!" सिस्टर म्हणाल्या. "एकजण म्हणे, गुप्तहेर कामापेक्षा चहाच जास्त पितो. एकानं घड्याळांच्या चुकाच काढलेल्या. एक शहाणा म्हणे, खुनी मी पंधराव्या पानावरच ओळखला. तर त्याच्याखाली ६१८ नंबरनं लिहिलं, 'पंधराव्या पानावर ती बाई अजून आलेलीच नाही, काका.' मला असं हसू आलं! पण मी लिहिलं, की शेवट चुकला. खून तो खून. मी तीस वर्षं माणसं जगवायला धडपडले, मला नाही पटत. म्हातारीला पोलिसांत द्यायला हवं होतं. तर ६१८चं आपलं, 'मी नाही म्हणते, सिस्टर.' मी सिस्टर आहे हे तिनं माझ्या दोन ओळींवरून ओळखलं, बघा. मी लिहिलं, 'का नाही? कारण सांगा.' आणि तिनं सांगितलं होतं हो! चांगलं पाच-सहा ओळींचं उत्तर लिहिलं होतं. मी परतीच्या फळीवर ते पुस्तक उघडून पाहिलं. चष्मा घरी राहिलेला. नुसतं 'सिस्टर' एवढं मोठं अक्षर दिसलं. म्हटलं, घरी नेऊन निवांत वाचू. तर माझ्या पुढच्यानं नेलं आणि तिथून ते तुमच्याकडं आलं. अहो, ऐकताय का म्हणते मी?"

मामा ऐकत होते. पण ६१८ या आकड्याच्या पुढचं त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ६१८ क्रमांकाचं कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं वरच्या काउंटरवर परत केलं होतं. कार्ड त्यांच्या मुलीचं होतं.

"बघतो," मामा म्हणाले. "कागद सापडतोय का बघतो."

"बघा. आणि ती ६१८ आली तर सांगा तिला, सिस्टर वाट बघतेय म्हणावं."

सिस्टर गेल्या. मामा कितीतरी वेळ ब्रश हातात धरून उभे होते आणि खळ बोटांवर वाळत होती.

मुलीला ते 'रेडिओ' म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून तिच्या तोंडाचा पट्टा बंद म्हणून झाला नाही. मूत्रपिंडं निकामी झाली, नोकरी सुटली, आठवड्यातून दोनदा चार-चार तास सुया टोचून यंत्राला जोडून घ्यायची वेळ आली, तरी पट्टा चालूच. त्या चार तासांत ती पुस्तकं वाचायची आणि संध्याकाळी घरी आली की पलंगावर पडून सगळी गोष्ट बापाला सांगायची. मामा दिवसभर उभं राहून आलेले असत. पाय कोमट पाण्यात सोडून ते बसत आणि मधूनमधून 'हूं' म्हणत. फारच झालं तर म्हणत, "रेडिओ, जरा आवाज कमी कर." ती म्हणायची, "बाबा, भिंतीला तरी कान असतात." आणि पुढं चालू. सव्विसाव्या वर्षी, एका बुधवारी सकाळी, ती गेली. घरात इतकी शांतता झाली, की नळाचा थेंब पडला तरी मामा दचकत.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "ती घड्याळजीची गोष्ट तुला सांगितली होती का तिनं?"

बायको गहू निवडत होती. तिचा हात थांबला. मुलीचं नाव न घेता दोघंही आताशा 'ती' म्हणत.

"मला नाही. खुनाच्या गोष्टी मला सोसत नाहीत, माहितेय ना तुम्हाला. ती तुम्हालाच सांगायची."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही आपले हूं हूं करायचात." तिनं ताट पुन्हा जवळ ओढलं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पण तिला चालायचं ते. बाबांना सांगितलं की बरं वाटतं म्हणायची."

मामांनी त्या रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवलं. कितीही डोकं खाजवलं तरी त्यांना त्या गोष्टीतलं काहीएक आठवेना. पोरीचा आवाज आठवत होता, हात हलवून सांगणं आठवत होतं, शब्द मात्र एकही नाही. बाप म्हणवून घ्यायची लाज वाटावी अशी ही गोष्ट होती आणि त्यांना ती वाटली.

आता कागदाचं काय झालं होतं ते सांगायला हवं. नियमाप्रमाणे जुने अभिप्राय रद्दीत टाकायचे. पण मामा पडले काटकसरी. तो कागद चिवट, रेघांचा, उत्तम. तो रद्दीत टाकायला त्यांचं मन घेत नसे. पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर खळीनं कागदाची एक पट्टी चिकटवावी लागते, म्हणजे पाठ घट्ट राहते. मग वरून कापड. ती पट्टी कुणाला कधी दिसत नाही. एकतीस वर्षं मामा अभिप्रायाच्या कागदांच्या उभ्या पट्ट्या कापून हाताला येईल त्या पुस्तकाच्या पाठीला लावत आले होते. वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांच्या कण्यात लोकांची मतं चिकटलेली होती आणि हे एकट्या मामांना ठाऊक होतं.

मुलगी गेल्यावर ते कामावर आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'घड्याळजीचा खून' टेबलावर होतं. त्या खेपेला एकूण अकरा पुस्तकं होती. डोळे उघडे होते पण दिसत काही नव्हतं. हात आपले सवयीनं चालले होते. त्यांनी तो कागद काढला, सुरी चालवली, चार पट्ट्या केल्या आणि लावून टाकल्या. कुठल्या पुस्तकांना, देव जाणे. म्हणजे मुलीनं लिहिलेली शेवटची अक्षरं त्यांनी स्वतःच्या हातानं चार ठिकाणी कापली होती.

दुसऱ्या दिवशी ते वर ग्रंथपालबाईंच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"चार महिन्यांपूर्वीच्या खेपेची अकरा पुस्तकं परत खाली पाठवायची होती."

"अकराच्या अकरा? का हो, मामा?"

"पाठी फोडायच्यात."

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मामांनी सगळं सांगितलं. सांगायला चार वाक्यं लागली. बाई नियमांना चिकटून राहणाऱ्या होत्या, पण दगड नव्हत्या. मुलगी त्यांनाही माहीत होती. काउंटरवर उभी राहून पुस्तकापेक्षा जास्त वेळ गप्पाच मारायची.

"पाठ सैल झाली असं लिहिते दुरुस्तीच्या वहीत," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी विचारणार नाही."

"सैल झालेली नाही," मामा म्हणाले. "मी बांधलेलं सैल होत नाही."

"मग काय लिहू?"

"लिहा, बाइंडरची चूक."

एकतीस वर्षांत त्या वहीत त्यांच्या नावावर चूक म्हणून काही चढलं नव्हतं. बाईंनी लिहिलं, पण खूप बारीक अक्षरात.

सात पुस्तकं कपाटात होती, चार वाचकांकडं. मामांनी पहिलं पुस्तक शिकंज्यात धरलं आणि सुरी टेकवली. चांगली बांधणी फोडायला हात उचलेना. जिवंत माणसावर वार करावा तसं वाटलं. पण त्यांनी कापड उलगडलं, ओल्या फडक्यानं पट्टी भिजवली आणि खळ सुटू दिली. पट्टीवर उभे कापलेले शब्द होते, 'फारच पाणच', 'नायिकेला अक्कल'. कुठल्या तरी प्रेमकथेवरचा राग होता तो. दुसऱ्यात एका प्रवासवर्णनाचं कौतुक निघालं. तिसऱ्या पाठीवर निळी, तिरकी, घाईची अक्षरं दिसली. हे अक्षर त्यांनी किराण्याच्या याद्यांवर, औषधांच्या पुड्यांवर पाहिलं होतं. शाईचं पेन नव्हतं म्हणून बरं, नाहीतर सगळं पाण्यानं पुसून गेलं असतं.

पट्टीवर वर 'खुनी मी पं' होतं, म्हणजे तो शहाणा. खाली सिस्टरचं ठसठशीत 'खून तो', मग 'का नाही'. आणि त्याच्याखाली, 'सिस्टर, तु', 'का पटत ना', 'म्हणून मी', 'आणि विचा', 'हवं होतं'. ओळींची नुसती सुरुवात. पुढचं तीन पाठींत.

दुसरी पट्टी त्याच दिवशी मिळाली. ती ओळींच्या शेवटाची निघाली. तिसरीला आठवडा गेला, कारण ते पुस्तक वाचकाकडून यायचं होतं. ती पट्टी पहिलीला जोडून लावली तेव्हा तिसऱ्या ओळीत 'बाबांना' हा शब्द उमटला. मामा खुर्चीवर बसले. बाबांना काय? बाबांना काही सांगून उपयोग नाही? बाबांना कशाचंच काही नाही? बापानं जे केलं होतं त्यावर पोरीनं काय लिहिलं असेल, ते लिहायला त्यांना पोर लागत नव्हती. ते स्वतःच लिहू शकले असते.

एक पट्टी राहिली होती आणि ते पुस्तक नेणारा वाचक गावाला गेलेला. त्या दिवसांत मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कादंबरी वाचायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत, बोट ठेवून, एकेक ओळ. सोळा वर्षांच्या पोराचं वय वाढवलं जातं त्या पानाशी ते दोन दिवस अडले. वाचता वाचता मधेच एखादं वाक्य ओळखीचं लागे. हे आपण ऐकलंय, पलंगावरून ऐकलंय असं वाटे आणि धरायला जावं तर निसटून जाई. एकोणीस दिवसांनी पुस्तक संपलं. त्यांनी ते उलटं केलं आणि पहिल्या पानापासून परत सुरू केलं.

तो वाचक परत आला. शेवटचं पुस्तक खाली आलं. मामांनी चौथी पट्टी सोडवली, वाळवली आणि चारही पट्ट्या कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लावल्या. एकतीस वर्षांत त्यांनी इतकं काटेकोर काही चिकटवलं नव्हतं. मग चष्मा लावून वाचलं.

'सिस्टर, तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण का पटत नाही ते मला नीट सांगता येत नाहीये. म्हणून मी सगळी गोष्ट बाबांना सांगितली आणि विचारलं, की त्या म्हातारीला सोडायला हवं होतं की नाही? ते विचार करताहेत. बाबा पटकन काही बोलत नाहीत, पण बोलतात ते बरोबर असतं. त्यांचं उत्तर आलं की लिहिते. ६१८.'

तेव्हा आठवलं. संध्याकाळ होती, पाय पाण्यात होते. "बाबा, सांगा ना, तुम्ही असता तर काय केलं असतं?" असं ती कोपरावर उठून विचारत होती. ते म्हणाले होते, "हूं." तिनं परत विचारलं, तेव्हा म्हणाले, "बघू." ती हसून म्हणाली होती, "बरं, विचार करा. मी थांबते." आणि उशीवर मागं टेकली होती. त्यांनी पाय पुसले होते आणि झोपायला गेले होते. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. ते खरंच विचार करताहेत असं तिला वाटलं होतं, की चारचौघांत बापाची लाज राखली होती, हे आता कुणाला विचारणार? मामांनी कागदावर पालथा हात ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून रडले. पोर गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

मंगळवारी सिस्टर आल्या.

"सापडलं म्हणे?" त्यांनी चष्मा आधीच नाकावर चढवून आणला होता. मामांनी कागद पुढं केला. सिस्टरनी उभ्यानंच वाचला, ओठ हलवत, आणि खदखदून हसल्या.

"बघा, बघा! उत्तर देता येईना, तर बापावर ढकलून मोकळी! मोठी चलाख दिसते. आणि हे असं कापलंय कुणी, मेल्यानं? बरं, कुठंय ही? येते कधी? मला भेटायचंच आहे तिला."

"मीच कापलंय," मामा म्हणाले. "गेली ती. पाच महिने होत आले. माझी मुलगी होती."

अशा वेळी काय बोलायचं ते सिस्टरना तीस वर्षं तोंडपाठ होतं, शेकडो लोकांना त्यांनी ते ऐकवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य त्यांनी काढलं नाही. स्टूल ओढलं आणि मामांच्या समोर बसल्या. कागद मांडीवर घेऊन त्यांनी परत वाचला, या वेळी सावकाश.

"कशानं?" त्यांनी विचारलं.

"मूत्रपिंडं."

"यंत्रावर वाचायची?"

"हो. घरी येऊन मला सांगायची."

सिस्टरनी कागद जपून टेबलावर ठेवला आणि सुरकुतलेला कोपरा बोटानं सपाट केला. त्यांच्या आवाजातली पेशंटला दटावण्याची धार कुठं गेली कोण जाणे.

"तुम्ही वाचलंत पुस्तक?"

"वाचलं. दुसऱ्यांदा चाललंय."

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "काय म्हणणं आहे तुमचं? म्हातारीला सोडायला हवं होतं की नाही?"

मामांनी 'हूं' म्हटलं नाही, 'बघू' म्हटलं नाही. खळीनं भेगाळलेले हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. जे सुचलं ते त्यांना पुरेसं वाटलं नाही.

"विचार करतोय," ते म्हणाले.

सिस्टरनी मान हलवली आणि पदरानं चष्मा पुसला.

"करा," त्या म्हणाल्या. "घाई नाही. मी दर मंगळवारी येतेच."